नौपाड्यातला स्पेन

सरांच्या स्पॅनिशच्या क्लासात शिरताना चपला दाराबाहेर, मोबाइल तांदळाच्या डब्यात आणि मराठी जिन्यात ठेवायची, असा नियम होता. पहिल्या दोन गोष्टी जाताना परत मिळायच्या. तिसरीबद्दल सरांची बायको, म्हणजे आमच्या काकू, स्वयंपाकघरातून सांगायच्या, "जपून ठेवा गं. आमच्या ह्यांची हरवलीय, अजून सापडली नाही."

ठाण्यात, नौपाड्यातल्या जुन्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर हा क्लास चालायचा. हॉलमध्ये सहा प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीला एक फळा आणि शेजारी नकाशा. नकाशाही स्पेनचा नाही, पेरूचा. डबा खरोखरच तांदळाचा होता. रिकामा केलेला, पण पुरता नाही. घरी जाऊन फोन चार्जिंगला लावावा तर भोकातून आंबेमोहोराचा दाणा निघायचा.

मी तिथे गेलेले ते ऑफिससाठी. स्पॅनिश येणाऱ्यांना आमच्याकडे परदेशातल्या टीमवर घेणार होते. त्याआधी वर्षभर मी मोबाइलवर एका ॲपवरून शिकत होते. 'हत्ती दूध पितो' आणि 'माझ्या काकांची टोपी निळी आहे' ही वाक्यं मला न अडखळता यायची. सरांनी पहिल्या दिवशी खुर्चीत बसायच्या आधीच विचारलं, "के आस कोमीदो ओय?" आज काय खाल्लंस? हा त्यांचा पहिला प्रश्न असायचा. प्रत्येकाला, प्रत्येक दिवशी. आणि उत्तर खरंच द्यायचं. मी पोहे खाल्ले होते. म्हटलं, "पोहे."

"पोहे म्हणजे काय?" सर स्पॅनिशमध्ये म्हणाले आणि असा चेहरा करून बसले, की या गृहस्थांनी जन्मात पोहे बघितलेले नाहीत.

मला तांदूळ येत होता. चपटा येत नव्हता. शेवटी माझ्या तोंडून निघालं, "तांदूळ. वरून ट्रक गेला."

सर खुर्चीवरून उठले, फळ्यावर हे वाक्य मोठ्या अक्षरात लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा मारल्या. मला वाटलं, चूक दाखवतायत. नंतर कळलं, ते त्यांचं कौतुक होतं. तोंडी कौतुकाला त्यांच्याकडे एकच शब्द होता, 'रेगुलार'. म्हणजे बरं. याच्या वर कुणी गेल्याचं ऐकिवात नव्हतं.

सर मूळचे केमिकल इंजिनिअर. आयुष्यभराची नोकरी डोंबिवलीला, मानपाड्याच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीत. तरुणपणी कंपनीने त्यांना प्लांट उभारायला पेरूमधल्या एका आडगावी पाठवलं. इंग्रजी कुणाला येईना. हॉटेलात सरांना एकच शब्द माहीत होता, 'वेव्हो'. अंडं. घरी कांदासुद्धा चातुर्मासात बंद असणाऱ्या माणसाने आयुष्यातलं पहिलं अंडं तिथे खाल्लं, आणि मग सकाळ-संध्याकाळ अंडीच. भूक अनावर झाली तेव्हा शेजारच्या टेबलाकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, ते काय? तिथून त्यांची भाषा सुरू झाली. अंड्यांचे दिवस दर बॅचला वाढत जायचे. आमच्या वेळेपर्यंत ते पंधरवड्यावर पोचले होते. काकू आतून टोकायच्या, "मागच्या वर्षी आठवडा होता!"

"भाषा डोक्यातून शिरत नाही, पोटातून शिरते," असं त्यांचं म्हणणं. आणि दुसरं म्हणजे, "चुका, पण मोठ्याने चुका." पुटपुटणाऱ्याला ते खिडकीपाशी उभं करून समोरच्या बिल्डिंगमधल्या माणसांना वाक्य ऐकवायला लावायचे. समोरचे लोक सरावलेले होते. एक आजोबा तर गॅलरीतून हात हलवून दाद द्यायचे.

मंगळवारी क्लास भाजीबाजारात. मराठी नाही, बोट दाखवायचं नाही. भाजीवालीला त्याची इतकी सवय झाली होती की तिचे आकडे आमच्याआधी पाठ झाले. सर दिसले की ती "सेन्योर!" म्हणून हाक मारायची आणि कोथिंबिरीच्या तीन जुड्या उचलून "त्रेस देऊ का?" विचारायची. रिक्षावाल्याने स्टेशनला यायला नकार दिला की सर संतापायचे ते स्पॅनिशमध्ये. ती शिवी आहे की मंत्र हे रिक्षावाल्याला कळायचं नाही, त्यामुळे तो मुकाट्याने मीटर टाकायचा.

या सगळ्यात काकू एकही शब्द शिकल्या नव्हत्या. "घरात एक तरी माणूस शुद्धीवर हवा," असं म्हणायच्या. आतून नुसतं "अहो" आलं की सर वाक्य अर्धवट सोडून, थेट माद्रिदहून नौपाड्यात यायचे आणि गॅस बंद करायचे.

वर्षातून एकदा सर बॅचला स्पेनला न्यायचे. पंधरा दिवस, एका छोट्या गावात, तिथल्या लोकांच्या घरी राहायचं. मुंबईच्या विमानतळावर आत शिरलं की मराठी, हिंदी, इंग्रजी बंद. "त्यानंतर मी तुम्हाला ओळखत नाही," असं ते आधीच बजावायचे, आणि खरंच ओळखायचे नाहीत. आधीच्या एका बॅचमध्ये ठाण्याचे एक दातांचे डॉक्टर होते. तिकडे त्यांचीच दाढ दुखायला लागली. सर सोबत दवाखान्यात गेले, वर्तमानपत्र उघडून बसले आणि एक शब्द सांगितला नाही. डॉक्टरांनी स्वतःचं तोंड उघडून, हातवारे करून तिथल्या डॉक्टरीणबाईंना सगळं समजावलं. परत आले ते दाढ काढून आणि तोंडातल्या यच्चयावत गोष्टींची स्पॅनिश नावं घेऊन.

आमच्या बॅचमध्ये मावशी आल्या त्या दिवशी मी फळा पुसत होते. साठीच्या आसपासच्या, अंगापिंडाने भक्कम, गळ्यात ठसठशीत सोनं. मानपाड्याच्या जुन्या आगरी घरातल्या. शेतं गेली, तिथे टॉवर आले, पण मावशींचं बोलणं काही हललं नव्हतं. जिना चढून आल्या, धाप टाकत खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, मना स्पेनची भाषा शिकाची हाय."

सरांनी स्पॅनिशमध्ये विचारलं, कशासाठी? मावशींनी माझ्याकडे पाहिलं. नियम मोडून मी हळूच सांगितलं, "सर विचारतायत, कशाला?"

"माजी इनबाय तिकरं हाय."

इनबाय म्हणजे विहीणबाई. मावशींची मुलगी दर्शना इंजिनिअर होऊन नोकरीला स्पेनला गेली आणि तिथल्याच एका मुलाशी तिने लग्न केलं. मावशींची नि विहीणबाईंची भेट फक्त फोनच्या पडद्यावर. ही इकडून हसायची, ती तिकडून हसायची, मध्ये दर्शना बोलायची. मग व्याही गेले. अचानक. मावशींना जाता आलं नाही. दर्शना म्हणाली, आई, तुझ्या वतीने मी सांगितलं सगळं.

"माज्या वाटचं ती कशी सांगंल?" मावशी म्हणाल्या. "आमच्यात इहिनीच्या घरी मानूस गेला त जाऊन बसाला लागतं. फोनवर कोन बसतं?"

सरांनी नेहमीप्रमाणे विचारलं, आज काय खाल्लं? मी हळूच अर्थ सांगितला. मावशी म्हणाल्या, "भाकर नि सुकट." मग सुकट म्हणजे काय हे दाखवायला त्यांनी हाताने खाडी केली, जाळं टाकलं, ऊन दाखवलं, नाक धरलं. सरांनी फळ्यावर सुकट काढली.

मावशी चौथी शिकलेल्या. इंग्रजी अक्षरं त्यांना जमायची नाहीत. त्या सगळं कानाने घ्यायच्या आणि कानात आधीच मराठी भरलेली होती. स्पॅनिशमध्ये 'तू'ला 'तू'च म्हणतात हे कळल्यावर त्यांनी मांडीवर थाप मारली. "तू मंजे तूच? मंग आर्धी भाषा झाली की!" सरांनी लगेच समजावलं, की मोठ्या माणसांना, परक्यांना 'उस्तेद' म्हणायचं. आपलं 'तुम्ही' किंवा 'आपण'. आम्ही सगळे ठाण्याचे पांढरपेशे, चुकून कुणाचा अपमान नको म्हणून सरसकट उस्तेद-उस्तेद करायचो. मावशींनी तो शब्द कधी तोंडात घेतला नाही. "आमी देवाला तू बोलताव. ही कोन लागून गेली?"

'साल' म्हणजे मीठ, हे ऐकून त्या थांबल्या. "साल मंजे वरीस ना?" त्यांचं माहेर खाडीकाठचं, वडील मिठागरात राबलेले. मग 'साल' हा शब्द त्यांना पुन्हा कधी सांगावा लागला नाही. आणि मोठ्याने चुकण्यात तर त्यांना तोड नव्हती. समोरचे आजोबा मावशींचा आवाज आला की चहाचा कप घेऊन गॅलरीत यायचे.

पण त्यांना हवं होतं एकच वाक्य. समाचाराला गेल्यावर काय बोलायचं ते. दर आठवड्याला त्या मागायच्या आणि दर आठवड्याला सर नाही म्हणायचे.

"मास्तर, येकच सांगा. मी पाठ करतंय."

"उसनी वाक्यं मी देत नाही," हे सरांनी चक्क मराठीत सांगितलं होतं, इतकं त्यांच्या दृष्टीने ते महत्त्वाचं होतं. "तुमच्याकडे जे शब्द आहेत ते घेऊन जा."

"माज्याकरं हाय काय? मीठ, भाकर, संडास!"

आम्हाला सगळ्यांना सरांचा राग आला. मी तर क्लास सुटल्यावर भांडलेच. म्हटलं, "सर, त्या बाईंना बाजारात भाजी घ्यायची नाहीये. एक वाक्य दिलंत तर काय बिघडेल?" सर शर्टाच्या बाहीला लागलेला खडू झटकत म्हणाले, "पाठ केलेलं वाक्य ऐनवेळी पळून जातं. मग माणूस मुका होतो." आणि आत निघून गेले. हट्टी म्हातारा, असं मी जिना उतरताना मोठ्याने म्हटलेलं मला आठवतं.

त्या वर्षी सरांनी गावच बदललं. दर वर्षीचं ठरलेलं गाव सोडून समुद्राकाठचं कुठलं तरी. आम्ही विचारलं, का? तर म्हणाले, "तिथे कुणाला इंग्रजी येत नाही. उत्तम गाव आहे." मावशींनी नाव ऐकलं आणि दोन्ही हात कपाळाला लावले. विहीणबाईंचं गाव. देवाने घडवून आणलं, असं त्या म्हणाल्या. देवाला त्यासाठी किती फोन करावे लागले हे काकूंनी मला नंतर सांगितलं. सर संध्याकाळ-संध्याकाळ त्या गावात राहायला घरं शोधत बसले होते.

विमानतळावर आत शिरल्याबरोबर सर परके झाले. रांगेत मावशींनी त्यांना आपल्या भाषेत विचारलं, बाथरूम कुठे? सर त्यांच्याकडे पाहून, बसस्टॉपवर अनोळखी माणूस हसतो तसे हसले आणि दुसरीकडे बघायला लागले. "ह्याला झाला काय?" मावशी मला म्हणाल्या. मीही गप्प. मग त्यांनी सरळ पुढे होऊन बंदूकवाल्या जवानाला गाठलं. "बान्यो! बान्यो!" तो आपल्याच देशाचा. पण त्यांचा चेहरा बघून त्याने बरोबर दिशा दाखवली. पुढचे पंधरा दिवस मावशींना भाषेची काळजी उरली नाही.

मी आणि मावशी एकाच घरात राहायला होतो, एका एकट्या आजींकडे. पोचलो त्या दिवशी बसमधून जाताना खिडकीबाहेर पांढरे ढीग दिसले. मावशी उठून उभ्याच राहिल्या. "मीठ! अगं, मीठ!" सरांनी पुढच्या सीटवरून नुसतं बोट वर केलं. मावशींनी श्वास घेतला आणि सगळ्या बसला सांगितलं, "साल! मूचा साल!" मीठ! पुष्कळ मीठ! बसमधले लोक म्हणाले, हो, हो, मीठच. एका माणसाने उतरताना त्यांना टोपी काढून नमस्कार केला.

इकडे मी गुपचूप माझा उद्योग चालवला होता. मोबाइलवरून समाचाराचं रीतसर वाक्य शोधून काढलं आणि मावशींना शिकवायला लागले. 'ले आकोम्पान्यो एन एल सेन्तिमिएन्तो.' तुमच्या दुःखात मी सोबत आहे. मावशी भांडी विसळताना, अंथरूण घालताना घोकायच्या. आकोम्पान्यो त्यांच्या जिभेवर टिकायचंच नाही. त्याचं कधी 'आंबापन्हं' व्हायचं, कधी 'अंबाबाय'. तरी समाचाराला निघायच्या सकाळी आरशासमोर उभं राहून त्यांनी ते एकदा सरळ म्हटलं आणि माझ्याकडे वळून पाहिलं. मी टाळी दिली.

दर्शना शहरातून येणार होती. मावशींनी तिला बजावलं, "तू घरात येऊ नको. येशील त परत तूच बोलशील." त्यामुळे निघालो आम्ही तिघंच, मावशी, मी आणि सर. सरांनी काळा कोट घातला होता.

दार विहीणबाईंनीच उघडलं. पिलार त्यांचं नाव. उंच, पिकलेले केस बारीक कापलेले, कमरेला एप्रन. दोघी एकमेकींकडे बघत उभ्या राहिल्या. पडद्यावर फक्त चेहरा दिसतो. एवढं सगळं माणूस समोर आल्यावर दोघीही जरा बावरल्या.

मावशींनी श्वास घेतला. "ले आकोम..."

थांबल्या. "ले आकोम्पा..."

वाक्य गेलं. माझ्याकडे पाहिलं त्यांनी, मी ओठ हलवले, पण त्यांना काही दिसतच नव्हतं. सर दाराशेजारच्या कुंडीकडे टक लावून बघत होते. मला वाटलं, आता तरी बोला हो. एक शब्द टाका. सरांचे हात कोटाच्या खिशात होते आणि घट्ट वळलेल्या मुठी कापडावरूनही दिसत होत्या.

मग मावशींनी हवेत हात झटकला, माशी हाकलावी तसं ते वाक्य हाकललं आणि पिलारबाईंचं मनगट धरलं.

"तू," त्या म्हणाल्या. "तू सोला."

तू एकटी.

"यो लेहोस. यो योरार, मी कासा." मी लांब. मी रडणं, माझं घर. "ओय, आकी." आज, इथे.

व्याकरण म्हणाल तर त्यात काहीच बरोबर नव्हतं. मी रडले म्हणायला 'योरे' हवं, हे सरांनी आमच्याकडून शंभरदा घटवून घेतलं होतं. चुकीचं क्रियापद त्यांनी आयुष्यात कधी कुणाला सोडलं नसेल. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचे ओठ 'यो' करण्यासाठी गोल झालेले होते. ते तसेच राहिले आणि मग हळूच मिटले.

पिलारबाईंनी मावशींना ओढून आत घेतलं आणि खिडकीपाशी बाकावर बसवलं. शेजारी स्वतः बसल्या. मावशींनी मनगट सोडलं नव्हतं. मानपाड्यात बसतात तशाच त्या बसल्या होत्या, मान खाली, गप्प. आम्ही दाराशी उभे. बऱ्याच वेळाने पिलारबाईंच्या खांद्याला हुंदका फुटला आणि मावशी नुसत्या "हां, हां" म्हणत त्यांची पाठ थोपटत राहिल्या. त्या 'हां'ला कुठल्याच भाषेची अडचण नव्हती.

मग कॉफी झाली. भिंतीवरचा एक फोटो पिलारबाईंनी खाली काढून दाखवला. नवऱ्याचे वडील, मिठागरात, हातात लांब दांड्याचं फावडं. मावशींनी फोटो डोळ्यांजवळ नेला. "मी पाद्रे!" माझे वडील! पिलारबाई गोंधळल्या. मावशींनी बाकावरून उठून, पदर खोचून, भर दिवाणखान्यात मीठ ओढून दाखवलं. पिलारबाई म्हणाल्या, नाही, आमच्याकडे असं नाही, असं. त्याही उठल्या. दोघी फरशीवरून काल्पनिक मीठ ओढायला लागल्या. मावशींचे पाय मिठाच्या पाण्याने कसे चिरायचे, हे सांगताना त्यांनी टाच दाखवली, तर पिलारबाई मान हलवत हसल्या. नवरा गेल्यापासून त्या हसल्या नव्हत्या, असं दर्शना नंतर म्हणाली.

सरांनी माझ्या कोपराला हात लावला. आम्ही दोघे बाहेर पडलो. त्या दोघींना आता कुणाची गरज नव्हती.

बसस्टॉपवर सरांनी रुमाल काढून चष्मा पुसला, परत घातला, परत पुसला. मग आपणहून सांगायला लागले. पेरूला असताना वडील गेल्याची तार आली. येणं शक्यच नव्हतं. गावात कुणाशी मराठीत बोलावं असं माणूस नाही. ऑफिसातले सगळे येऊन गेले, सगळ्यांनी तेच एक छापील वाक्य म्हटलं. सरांनाही त्याला द्यायचं छापील उत्तर येत होतं, तेही त्यांनी सगळ्यांना दिलं. रात्री घरमालकीण सुपाचं भांडं घेऊन आली. तिने ते वाक्य म्हटलं नाही. समोर बसली आणि म्हणाली, "कोमे, इहो." खा, पोरा. "तेव्हा रडलो," सर म्हणाले. "त्याच्या आधी नाही."

बस आली, आम्ही चढलो. दोन स्टॉप गेल्यावर माझ्या लक्षात आलं, की हे सगळं ते स्पॅनिशमध्ये बोलले होते. आणि मी ते मनातल्या मनात मराठीत न आणता ऐकलं होतं. मी वळून सरांना सांगायला गेले, तर ते खिडकीला डोकं टेकून झोपलेले. तोंड उघडं, कोट चुरगळलेला. मी सांगायचं राहू दिलं.

परत आल्यावर मला ऑफिसात ती टीम मिळाली. पेढे घेऊन गेले तर सर म्हणाले, "रेगुलार."

मावशींनी मात्र क्लास सोडून दिला. त्यांना वेळच नसायचा. रोज दुपारी त्यांचा नि पिलारबाईंचा फोन चालायचा, दर्शनाला मध्ये न घेता. काय बोलतात हे दर्शनाला विचारलं तर ती म्हणायची, "मला निम्मं कळत नाही. ती स्पॅनिश नाहीये, मराठीही नाहीये. मला म्हणतात, तू फोन ठेव."

मग मावशींच्या धाकट्या मुलाचं लग्न निघालं आणि पिलारबाई चांगल्या महिनाभरासाठी मानपाड्याला आल्या. सरांना अर्थात आमंत्रण होतं. त्यांना वाटलं, दुभाषा म्हणून बोलावलंय. त्यांनी कोट इस्त्रीला दिला, काकूंना नवी साडी नेसायला लावली आणि मला म्हणाले, "त्या बिचाऱ्या एवढ्या गोतावळ्यात गांगरल्या असतील. मी जवळच बसेन."

आम्ही पोचलो तेव्हा मांडवात स्पीकर धडधडत होते आणि पिलारबाई मांडवात नव्हत्या. त्या मागच्या अंगणात, चुलीपाशी, बायकांच्या घोळक्यात तांदळाची भाकरी थापत होत्या. भाकरीला भारताच्या नकाशासारखे कोपरे आले होते आणि सगळ्या जणी सल्ले देत होत्या. सर लगबगीने पुढे झाले आणि एका बाईचं बोलणं त्यांनी स्पॅनिशमध्ये आणून दिलं. पिलारबाईंनी वर न बघता सांगितलं, की कळलं मला, पीठ सैल झालंय. सरांनी दुसऱ्या बाईचं आणून दिलं. तेही त्यांना कळलेलं होतं. तिसऱ्या वेळी त्या म्हणाल्या, "प्रोफेसर, जरा बाजूला व्हाल का? तव्यावर उजेड येत नाही."

सर बाजूला झाले. कोटाची बटणं काढून पाटावर बसले. तेवढ्यात भिंतीला टेकून बसलेल्या मावशींच्या सासूबाईंनी, नव्वदीच्या असतील, सरांकडे हात करून एका दमात काहीतरी विचारलं. दात नाहीत, बोली जुनी आणि वेग असा, की मला त्यातलं 'मास्तर' एवढंच कळलं.

"काय म्हणाल्या?" सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. काकूंकडे पाहिलं. काकू म्हणाल्या, "मला काय विचारता?" सगळी नोकरी मानपाड्यात काढलेला माणूस त्या म्हातारीच्या तोंडाकडे बघत राहिला.

पिलारबाईंनी भाकरी तव्यावर टाकली, हात एप्रनला पुसला आणि सरांना स्पॅनिशमध्ये समजावून सांगितलं, "त्या विचारतायत, की हा माणूस इतका वाळलेला का? ह्याला घरी कुणी मासळी घालत नाही का?"

मग चुलीभोवती जे हसू फुटलं ते थांबेचना. मावशी तर डोळ्याला पदर लावून बसल्या. सर हसत नव्हते. त्यांच्या चेहऱ्यावर मी तेव्हा जो आनंद पाहिला तसा आमच्या कुणाच्या परीक्षेच्या निकालाला पाहिला नव्हता. ते पाट ओढत ओढत म्हातारीच्या अगदी समोर जाऊन बसले.

"परत बोला," ते म्हणाले. "हळू बोला. मलाही तसंच म्हणायचंय."

म्हातारी बोलली. सरांनी तिच्यामागून ते म्हटलं. चुकलं. तिने त्यांच्या गुडघ्यावर चापट मारली आणि परत म्हटलं. सरांनी परत म्हटलं. पिलारबाईंनी तव्यापाशी बसूनच मान हलवून सांगितलं, नाही, अजून नाही.

काकू थोडा वेळ उभ्या राहून बघत होत्या. मग माझ्या हातातली आहेराची पिशवी घेत म्हणाल्या, "आता हे काही लवकर उठायचे नाहीत. चल, आपण जेवून घेऊ." आणि आम्ही दोघी पंगतीला जाऊन बसलो.